सातशे तीनचा नकार

कोंडीराम येणार म्हणून सोजरबाईंनी सकाळी सातलाच पुरणाची डाळ शिजायला टाकली. सख्खा धाकटा भाऊ, पण सहा वर्षं बोलणं नव्हतं. आईच्या तेराव्याला पहिलं ताट कुणाला वाढायचं यावरून दोघांची जुंपली होती, आणि दोघंही एकाच आईची लेकरं, मग माघार कोण घेतंय! आता त्याच्या मुलीचं, दिव्याचं लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका अक्काला, तीही तिच्या घरात बसून, तिच्या हातचं पाणी पिऊन द्यायची, म्हणून तो परभणीहून निगडीला येत होता. पाणी प्यायला की भांडण मिटलं, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

मुलगा ज्ञानेश कंपनीत जाताना सांगून गेला होता, "आई, मामा अकरापर्यंत पोचतील." अकरा वाजले, बारा वाजून गेले. सोजरबाई सातव्या मजल्यावरून वाकून वाकून बघत राहिल्या. शेवटी पुरण झाकलं आणि तशाच खाली उतरल्या.

गेटवरचा वॉचमन नवा, कोवळा पोरगा होता. "सातशे तीन ना? एक धोतरवाले बाबा आले होते," तो म्हणाला. "तुमच्या फ्लॅटमधून नकार आला, म्हणून परत पाठवले."

"नकार? कुणाचा?"

"सातशे तीनचा."

सोजरबाईंना काही कळेना. सातशे तीनमध्ये सकाळपासून त्या एकट्याच होत्या. बेल वाजली नव्हती, फोन वाजला नव्हता. मग नाही म्हणालं कोण? क्षणभर त्यांना स्वतःचाच संशय आला.

पोरगा समजावू लागला. पाहुणा आला की घरमालकाच्या मोबाइलवर विचारणा जाते, पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर तो नकार धरायचा, असा सोसायटीचा नियम. आता मोबाइल ज्ञानेशचा, आणि तो महाळुंग्याच्या कंपनीत गेटवर जमा केलेला, कारण आत फोन नेऊ देत नाहीत. म्हणजे एका गेटनं दुसऱ्या गेटला विचारलं आणि परभणीचा माणूस बाहेरच्या बाहेर वाटेला लावला. धन्य तो कारभार!

"आरं, पण म्या घरातच व्हते की! मला का न्हाई इचारलं?"

"तुमचं नाव यादीत नाही, आजी. मालक आणि त्यांच्या मिसेस, दोनच नावं आहेत. मिसेसचंही उत्तर आलं नाही."

तीन वर्षं त्या घरात राहत होत्या. कसली यादी, कुणी केली, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. त्या रस्त्याकडे धावल्या.

कोंडीराम बसस्टॉपवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं तोंड फिरवलं. "सहा वर्सांनी आलो, अक्का. त्या पोरानं तोंडावर सांगितलं, घरचे न्हाई म्हणलेत. इतका राग?"

"मला कुणी इचारलंच न्हाई रं!" सोजरबाई रडायलाच लागल्या. नियम त्यांनाच नीट कळला नव्हता, तर त्याला काय सांगणार? पण कोंडीरामनं तिच्या पुरणानं माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि उठून मागोमाग निघाला.

गेटवर पोरानं हात जोडले. "वर कॅमेरा आहे, आजी. तुम्ही जा. त्यांना सोडलं तर माझी नोकरी जाईल."

कोंडीरामची गाडी दोनची होती. सोजरबाईंनी एकदा सातव्या मजल्याकडे पाहिलं, मग वॉचमनच्या केबिनमधल्या जारमधून पेलाभर पाणी घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"हितं रस्त्यावर?" तो म्हणाला. "तुझ्या घरात बसून पेणार व्हतो, अक्का."

"माझं असतं तर नेलं नसतं का रं आत?"

बोलून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. कोंडीरामनं पेला घेतला, तिथंच उकिडवा बसला आणि घोटघोट करत सगळं पाणी प्यायला.