एका चार्जवर डार्मश्टाट ते गार्चिंग

या खेपेचा खर्च आधीच सांगून टाकतो. लवकर काढलेलं स्वस्तातलं तिकीट एकोणचाळीस युरो, गाडीतलं चीज सँडविच सात युरो, एक पूर्ण दिवस, आणि पाठ. पाठीची किंमत अजून चुकती होतेय. शिवाय एक आकडा गमावला, तो शेवटी सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. र्युसेल्सहाइमला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलो, आठ वर्षांनी नोकरी सोडली आणि डार्मश्टाटला घराच्या तळघरात धंदा मांडला. ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप नीट करून विकतो. गार्चिंगच्या एका शिक्षणसंस्थेला तीस हवे होते. एवढी ऑर्डर मला कधीच आली नव्हती. खरेदी बघणाऱ्या बाईंनी, फ्राऊ ब्रांटनी, विचारलं, बॅटरी किती चालते? मी ऐटीत लिहिलं, "सहा तास. सकाळी फुल चार्ज करून निघतो, वाटेत त्याच्यावर काम करतो आणि तुमच्या टेबलावर प्लगशिवाय उघडून दाखवतो."

मोह नको म्हणून चार्जर घरीच ठेवला. माझी बारा वर्षांची इरा मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. ती एवढंच म्हणाली, "पापा, क्वाच." म्हणजे, काहीतरीच!

साडेसहाला डार्मश्टाट सोडलं तेव्हा बॅटरी शंभर टक्के. मानहाइमला गाडी बदलायची, पुढे श्टुटगार्ट, उल्म, म्युनिक. ज्यांना लांब जायचंय त्यांनी लिहून घ्या: बॅटरी वाचवायची ती पहिल्या मिनिटापासून, वीस टक्के उरल्यावर नाही. ब्राइटनेस डोळ्यांना चालेल तितका खाली. की-बोर्डखालचा दिवा बंद. वायफाय बंद, कारण बोगद्या-बोगद्यात नेटवर्क शोधताना लॅपटॉप दमतो, माणसासारखाच. मांडीवर जाकीट ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवू नका, तापतो. एरवी रोज ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं, प्रवासाच्या दिवशीच काय ते शंभर. मी दर पंधरा मिनिटांनी वहीत टक्के लिहीत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

श्टुटगार्ट सोडलं आणि गाडी शेतात उभी राहिली. सिग्नल बिघडला म्हणे. पाऊण तास झाला, तास झाला. डब्यातले सॉकेटही मेलेले. समोरचा माणूस दर घोषणेला नुसता "आल्झो..." म्हणून उसासा टाकायचा. माझे डोळे मिटत होते, पण झोपून कसं चालेल, मी कामावर होतो.

तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं.

"सांगितलं होतं, कागदावर काढून घ्या. पण नाही! सगळं फोनमध्ये!"

"अगं, रात्रभर लावला होता चार्जिंगला."

"भिंतीतल्या सॉकेटला इथे बटण नसतं म्हणालात. एक्स्टेंशनला होतं ना पण! ते कोणी दाबायचं?"

ठाण्याचे काका-काकू, म्युनिकला मुलाकडे निघालेले. तिकीट मुलाने काढून काकांच्या फोनवर पाठवलेलं, आणि फोन पार मेलेला. माझ्या फोनवरून मुलाला लावून पाहिलं, तो उचलेना. तिकीट तपासनीस बाई समोर उभी. ती उद्धट नव्हती, पण नियम तिचा नव्हता. "वीस मिनिटांनी परत येते. तिकीट दिसलं नाही तर नवीन काढावं लागेल, पूर्ण भाड्याचं, दोघांचं."

वहीत शेवटचा आकडा होता एक्केचाळीस. पुढे अजून दोन-अडीच तास. माझ्याकडे केबल होती, ती बाहेर काढली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "राहू द्या हो, तुमचं काहीतरी महत्त्वाचं चाललंय."

"महत्त्वाचं काही नाही," मी म्हणालो. दिवसातलं हे माझं पहिलं खोटं.

मेलेला फोन लॅपटॉपवरून चालू व्हायला नऊ मिनिटं लागतात, हेही लिहून घ्या. काका त्या काळ्या काचेकडे अशी नजर लावून बसले की जणू आत नातवंड आहे. तपासनीस परत आली, तिने तिकीट पाहिलं, "गेनाऊ," म्हणजे बरोबर, म्हणाली आणि गेली. काकूंनी मला थेपले दिले. आणि काकांचा फोन? तो मी लगेच काढायला हवा होता. पण ते मुलाला मेसेज लिहीत होते, एका बोटाने.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी, उल्म यायच्या आधीच, स्क्रीन काळी झाली.

म्युनिकला उतरल्यावर एस-बान लोकलने मारिएनप्लात्स, तिथून यू-६ मेट्रो, शेवटचं स्टेशन. देशभराचा महिन्याचा पास असेल तर तो चालतो, वेगळं तिकीट लागत नाही. सव्वा वाजता, जवळजवळ दोन तास उशिरा, मी फ्राऊ ब्रांटच्या टेबलावर एक मेलेला लॅपटॉप ठेवला. काय बोलायचं ते भुयारभर घोकलं होतं. ऐनवेळी गाडी आणि फोन एवढंच आठवलं.

त्यांनी खणातून चार्जर काढला, लॅपटॉप चालू केला, अर्धा तास शांतपणे सगळं तपासलं. "लॅपटॉप चांगला आहे. आमच्या मुलांना दोन तासिकांपुरती बॅटरी हवी, सहा तासांचा आग्रह तुमचा होता. पण कराराच्या कागदावर खरा आकडा लिहून पाठवा. मोजलेला. मग सही करते."

रात्री घरी आलो. बूट काढायचंही त्राण नव्हतं. इराने विचारलं, "उंड?" म्हणजे, मग? मी वही पुढे केली आणि म्हणालो, "फोनमुळे गेलं गं. नाहीतर सहा नक्की."

तिने माझ्याच टक्क्यांची वजाबाकी केली. काकांच्या फोनने खाल्ले बारा टक्के. उरलेल्या अठ्ठ्याऐंशीत चालला चार तास दहा मिनिटं. शंभरचे किती?

पावणेपाच. तेही अंधारी स्क्रीन, बंद वायफाय आणि माझ्यासारखा राखणदार असताना. सहाचा आकडा मी मोजलेलाच नव्हता. तळघरात लॅपटॉप नुसता उघडा पडलेला असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसला होता, तो उचलला होता.

कराराच्या कागदावर मी चार तास लिहिले.