आमच्या सोफ्यावरची अमेरिका

किस्से काही ठरवून जमवावे लागत नाहीत. शनिवारी दुपारी इंग्लंडमधल्या रीडिंग गावात एका सोफ्यावर दोन मुलं, एक आजी आणि अमेरिकेचा इतिहास एकत्र बसवा, पुढचं आपोआप होतं!

अमेरिका आमच्याकडे खोक्यातून येते. माझी नणंद मीनाताई न्यू जर्सीला असते. ती मुलांसाठी तिथल्या इतिहासाची गोष्टीरूप पुस्तकं पाठवते. बैलगाडीतून पश्चिमेकडे निघालेली मुलगी, लढाईत ढोल वाजवणारा मुलगा, असली. "राजाराण्यांपलीकडेही माणसं होऊन गेली गं, कळू दे तुमच्या मुलांना!" हे वर.

सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या, त्या खरं तर लेकीच्या ओढीनं. पुणं तिला लांब पडतं म्हणे. "मी अर्ध्या वाटेपर्यंत आलेय, उरलेली अर्धी तिनं यावं," असं आल्या दिवशीच म्हणाल्या. मीनाताई दर वेळी "नेक्स्ट मंथ नक्की!" म्हणायची आणि एक खोकं पाठवायची. मला तर तिचा भयंकर राग यायचा. सासूबाई मात्र खोकं उघडायच्या. मुलांना बोलवायच्या. वाचायचं इंग्लिशमध्ये, आजीला सांगायचं मराठीत, एवढाच नियम.

*

माझी इरा नऊ वर्षांची. एका शनिवारी स्वातंत्र्ययुद्धाचं पुस्तक मिटून तिनं जाहीर केलं, "आजी, आपण हरलो!"

सोफ्यावरचं दुसरं मूल म्हणजे शेजारचा विहान; त्याचे आजोबा, देशपांडेकाका, नागपूरहून आले होते. तेही ऐकायला बसलेले. "आपण म्हणजे कोण गं?"

"आपण! ब्रिटिश!"

काकांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी तिला आपला स्वातंत्र्यलढा सांगितला, आवाज चढवून, चहा पार गार होईपर्यंत. इरानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"ओ माय गॉड! म्हणजे आपण दोनदा हरलो?"

*

बैलगाडीवाल्या मुलीची गोष्ट सासूबाईंना फार आवडली. फक्त एक गोष्ट पटेना. "एवढ्या लांब निघाले, महिनोन् महिने वाटेत, आणि बरोबर फक्त पीठ आणि कॉफी? दशम्या नाहीत? चटणी नाही? त्या बाईला कुणी सासू नव्हती का सांगायला?"

पुढे शाळेत इराला इतिहासातल्या मुलाची डायरी लिहायला सांगितली. तिनं ही गाडीच घेतली. त्यात आईनं दशम्या बांधून दिल्या, शेंगदाण्याची चटणी नदी ओलांडताना ओली झाली, सगळं साग्रसंगीत!

मिसनं खाली हिरव्या पेनानं शेरा दिला: "रिसर्च फारच छान!"

*

मग ते झाड तोडून बापाजवळ खरं कबूल करणाऱ्या मुलाचं पुस्तक आलं. दुसऱ्याच दिवशी खिडकीतली माझी मिरची बुंध्यापासून कापलेली! ती मी एप्रिलपासून उन्हाच्या तुकड्यामागे फिरवून वाढवली होती.

इरा कात्री घेऊन समोरच उभी. "मीच कापली. मी खोटं बोलत नाही. आता हग दे."

मी ओरडले तर ही उलट वैतागली. "पण बुकमध्ये त्याच्या डॅडनं हग दिला!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "त्याच्या बापाला इथं मिरच्या वाढवायला लावा म्हणावं!"

*

विहानची आई कविता इलेव्हन-प्लस या शाळाप्रवेशाच्या परीक्षेपायी झोप उडालेली बाई. लाकडी खोपटात वाढून राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुलाची गोष्ट तिच्या हाती लागली, आणि तिला आयतंच फावलं. "बघ, विहान! चुलीच्या उजेडात वाचायचा! ना टेबल, ना लॅम्प, ना ट्यूटर!"

विहाननं मान वर केली. "ट्यूटर नव्हता? लकी!"

ते पुस्तक कवितानं दुसऱ्या दिवशी आम्हाला परत दिलं.

*

आणि शेवटी मीनाताई आली! लंडनला कॉन्फरन्स होती, त्यातला एक दिवस आम्हाला मिळाला. सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. त्या सकाळपासून नवी साडी नेसून बसल्या होत्या. मीनाताईनं आल्या आल्या विचारलं, "पुस्तकं वाचली का रे?" मग काय, मुलांनी नाटकच करून दाखवायचं ठरवलं. इंग्लंडच्या राजाचा कर नको म्हणून अमेरिकेतले लोक त्याचा चहा समुद्रात फेकतात ते.

निळी शाल म्हणजे समुद्र, टी-बॅगचे रिकामे डबे म्हणजे माल. राजा व्हायला कुणीच तयार नव्हतं, कारण तो हरतो! शेवटी ख्रिसमस क्रॅकरच्या नळीतून निघालेला कागदी मुकुट सासूबाईंच्या डोक्यावर बसला. त्यांना एकच वाक्य होतं. रागानं ओरडायचं, "सैन्य पाठवा!"

विहाननं डबे शालीवर भिरकावले. "तुमचा चहा नको! तुमचा टॅक्स नको! आम्हाला स्वातंत्र्य पाहिजे!"

आता राजाची पाळी. मी मागून सांगितलं, "सैन्य पाठवा..."

सासूबाईंनी विहानकडे बघितलंच नाही. त्याच्या मागे मीनाताई फोनवर व्हिडिओ काढत होती, तिच्याकडे बघत त्या शांतपणे म्हणाल्या, "घ्या की स्वातंत्र्य. मी कधी नको म्हटलं? पण समुद्रापलीकडे गेलात म्हणून आईकडे यायचंच नाही, असं कुठं ठरलं होतं?"

मीनाताईचा फोन हळूहळू खाली आला.

विहानचा जीव मात्र नाटकात अडकलेला. तो रडकुंडीला येऊन ओरडला, "आजी, स्क्रिप्टमध्ये किंग अँग्री आहे! तुम्ही रागवायचं!"

"अरे," सासूबाई म्हणाल्या, "रागावलेच तर आहे मी!"