न झालेले गोल

सप्टेंबर उजाडला तरी इथे आखातातला उन्हाळा हटायला तयार नसतो. सकाळी स्टुडिओच्या काचा बाहेरून घामेजलेल्या असतात, आत एसीची शिळी, ओलसर थंडी भरून राहिलेली असते, आणि दार उघडताक्षणी रास अल खोरच्या गॅरेजांमधला ऑइलचा आणि तापलेल्या रबराचा वास अंगावर येतो. अशाच एका सकाळी कॉलिन आमच्याकडे आला. दार भरून टाकणारी उंची, उन्हाने लाल झालेली मान, डाव्या भुवईला छेदून गेलेला पांढरा व्रण. आणि हे सगळं असूनही चालण्यात विलक्षण संकोच, आपण कुणाच्या वाटेत तर येत नाही ना, अशी काळजी. ज्याने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वाटेत येण्यात घालवलं, त्याला हा संकोच कुठून आला असेल, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं.

मी व्हिडिओ एडिटर. बिल्डरांच्या जाहिराती, हॉटेलांची उद्घाटनं असलं काही ना काही रोज कापत-जोडत असते. कॉलिन इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू, बचावफळीतला. इथल्या एका छोट्या क्लबने त्याला आणलं होतं, आणि मग त्याच्याहून तरुण कुणी मिळाल्यावर करार वाढवला नव्हता. वय पस्तिशीपलीकडे गेलेलं, गुडघे कुरकुरणारे, मरीना भागातल्या भाड्याच्या घरात बायको सामान बांधायचं की नाही याची वाट पाहणारी. त्याच्या एजंटला त्याच्या कारकिर्दीचा पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा होता, तो पाहून कुठला तरी क्लब त्याला शेवटची संधी देईल या आशेने. एजंट लेबनीज गृहस्थ होते, कानाला फोन लावूनच जन्मलेले असावेत. "टॅकल्स, हेडर्स, जोरदार म्युझिक. यल्ला, खलास!" एवढ्यात त्यांनी मला काम समजावून दिलं.

काम मलाही किरकोळच वाटलं होतं. पण त्याच्या जुन्या सामन्यांची चित्रणं लावून बसले आणि दिवसागणिक माझी चिडचिड वाढत गेली. उत्तर इंग्लंडमधल्या धुरकट गावांची मैदानं, चिखल, तिरपा पाऊस, फ्लडलाइट्सचा पिवळा उजेड. त्यात सोळा-सतरा वर्षांचा काटकुळा कॉलिन, मग खांदे भरलेला, मग केस विरळ झालेला कॉलिन. एक अख्खं तारुण्य माझ्या पडद्यावरून सरकत होतं आणि त्यातलं हाताला काहीच लागत नव्हतं. कारण कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, आणि कॉलिन बहुधा चेंडूपासून दूर असायचा. तो ठळक दिसायचा तो नेमका कुणीतरी गोल केल्यावर. पुढे जल्लोष करणारा खेळाडू, मागे कमरेवर हात ठेवून जमिनीकडे पाहणारा कॉलिन. त्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या आनंदाची पार्श्वभूमी होऊन साठवलं गेलं होतं.

एका शुक्रवारी लॅपटॉप घरी, शारजाला आणला. संध्याकाळ होती, खालच्या रोल्ला बाजारातल्या दुकानांमधला मसाल्यांचा आणि तळणीचा वास बाल्कनीपर्यंत चढला होता. नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला आणि एकदम ओरडला, "अगं, हा तर तोच! ज्याला चकवून तो भन्नाट गोल झाला होता!" आमची लेकही धावत आली. "ओह माय गॉड, ही फेल ऑन हिज बम!" म्हणून हसायला लागली. तो गोल मीही पाहिला होता, साऱ्या जगाने पाहिला होता. अव्वल साखळीत कॉलिनला मिळालेला तो एकमेव हंगाम. एका विशीतल्या आघाडीपटूने त्याला डावीकडे झुकवलं, उजवीकडून निसटला, आणि कॉलिन बसकण मारून मागे राहिला. तेवढ्या काही क्षणांनी त्याला अमर करून टाकलं होतं. मला दोघांचाही राग आला. लॅपटॉप मिटला; पण रागवायचं नेमकं कुणावर, हे काही कळेना.

पुढच्या आठवड्यात तो कच्चा व्हिडिओ पाहायला आला, तेव्हा त्याने एक चित्रण मला लावायला सांगितलं. जुना सामना, दूरवरून टिपलेला. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन पुढे येतो, कॉलिन थोडा डावीकडे सरकतो, प्रतिस्पर्धी थांबतो आणि चेंडू मागे देऊन टाकतो. बस्स.

"हे घ्या," तो म्हणाला.

"पण यात काहीच घडत नाही."

"घडू दिलं नाही मी." मग जरा ओशाळून तो म्हणाला, "त्या दिवशी त्याला पास द्यायला जागाच उरू दिली नव्हती. माझा सगळ्यात चांगला खेळ हाच आहे. चेंडू काढायला जमिनीवर लोळावं लागलं, म्हणजे मला आधीच उशीर झालेला असायचा."

मी ते घेतलं. एजंटनी ते पाहिलं आणि फोन खाली न ठेवताच मान हलवली. "हबीबी, हे पाहून क्लबवाले झोपतील. काढून टाका." खिडकीबाहेर धुळीने सूर्याची पांढरी टिकली झाली होती, कॉलिन तिच्याकडे पाहत राहिला. ते काढलं गेलं. घसरत जाऊन मारलेले टॅकल्स, डोक्याने परतवलेले चेंडू, ढोलासारखं वाजणारं संगीत, असा खणखणीत व्हिडिओ तयार झाला आणि क्लबांना गेला.

एकाच क्लबकडून उत्तर आलं. तिथले प्रशिक्षक वयस्कर, जुने जाणते. कॉलिननेच मला ते फोनवर सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता, ते हसणं ऐकवत नव्हतं. "ते म्हणाले, ज्याला इतक्यांदा जमिनीवर लोळावं लागतं, तो चुकीच्या जागी उभा राहत असणार."

मी खुर्चीवरून उठलेच. ते काढून टाकलेलं चित्रण शोधलं, सोबत एका संपूर्ण सामन्याचं न कापलेलं चित्रण जोडलं आणि एजंटना फोन करून अक्षरशः भांडले, की हे आजच्या आज त्या प्रशिक्षकांना पाठवा. "इन्शाल्ला," ते म्हणाले. या शब्दाचे इथे ‘हो’पासून ‘विसरा’पर्यंत किती अर्थ होतात, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे. दोन दिवसांनी त्या क्लबने दुसऱ्या कुणाला तरी घेतल्याचं समजलं. आमचं चित्रण कुणी उघडून तरी पाहिलं का, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता.

कॉलिन इंग्लंडला परतला. जाण्यापूर्वी हार्ड डिस्क न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "मी पहिल्याच वेळी हट्ट धरायला हवा होता." त्याने खांदे उडवले. "हट्ट मीही धरला नाही. सवय नाही ना. आम्ही बचाववाले ओरडतो ते दुसऱ्यांना जागेवर उभं करायला." आणि दाराशी अंग चोरून, आत येणाऱ्या कुरिअरवाल्याला आधी वाट देऊन तो गेला.

परवा घरी टीव्हीवर सामना लागला होता. हवेत एव्हाना गारवा उतरला होता, बाल्कनीचं दार उघडं होतं. नवरा आणि लेक चेंडूबरोबर उसळत होते, ओरडत होते. माझी नजर मात्र पडद्याच्या कडेला अडकली होती. तिथे एक बचावपटू, ज्याचं नावही मला ठाऊक नाही, चेंडूकडे पाठ करून कुणाला तरी हाताने खुणावत मागे मागे सरकत होता. त्याला काहीतरी दिसलं होतं, जे अजून घडलेलं नव्हतं. मी पुढे झुकले. तेवढ्यात कॅमेरा चेंडूबरोबर दुसऱ्या टोकाला निघून गेला, घरात जल्लोष झाला. आणि तो माणूस कुठवर गेला, त्याने काय थांबवलं, हे मी कुणाला विचारणार होते?