डाव्या पायाचा मोजा

दिल्लीची गाडी सोलापूर स्टेशनात लागली तेव्हा आईनं माझ्या हातात शेंगाचटणीचा डबा दिला आणि म्हणाली, "तितं लई थंडी असती म्हणं. पायात काय घालणार हाईस गं?" हिमाचलातल्या एका लहान गावात, बँकेत माझी नेमणूक झाली होती. वडील कधीच गेलेले. चादरींच्या कडा शिवून आईनं मला शिकवलं होतं, आणि आता घरात ती एकटीच उरणार होती.

तिथं बँक सुटली की माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. मराठी कानावर पडावं म्हणून भांडी घासताना मी स्वतःशीच मोठ्यानं बोलायची. शेजारच्या विमला आंटींनी ते ऐकलं असावं. एका रविवारी त्यांनी मला उन्हात बसवलं आणि हातात सुया दिल्या. आपण टाके म्हणतो त्यांना त्या फंदे म्हणायच्या. मोजा चार सुयांवर गोल फिरत उतरतो: काठाला दोन सुलट, दोन उलट, मग सरळ वीण, मग टाच. टाच मी तीनदा उसवली. "फंदा गिर गया तो घबराना नहीं, वहीं पकड़ लो," एवढंच त्या म्हणायच्या.

आईला साखरेचा आजार. अनवाणी चालू नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं. म्हणून तिच्यासाठी मोजे विणायला घेतले; सोलापूरच्या उन्हात लोकर नको म्हणून सुती दोरा घेतला, काठ सैल ठेवला. पावलांचं माप मागितलं तर तिनं आठवडाभर टाळलं. शेवटी कागदावर पेनानं काढलेल्या दोन पावलांचा फोटो आला.

एप्रिलात रजा काढून घरी गेले. एवढ्या उन्हाळ्यात आई पायांवर चादर घेऊन कॉटवर बसली होती. उठली नाही. मोजे घालून बघू म्हणत मी चादर ओढली. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नव्हती. दिवाळीनंतर जखम चिघळली म्हणून काढावी लागली होती. माप तिनं जुन्या चपलांवरून काढलं होतं. फोनवर मला रोज तिचं फक्त तोंड दिसायचं.

"सांगितलं का न्हाईस?"

"तू तितं एकटी. कळून काय करणार हुतीस? रडत बसली असतीस."

मला राग आला. पण मीही तिला सांगत आले होते की, हितं मला लई मैत्रिणी हायत. लांब राहणाऱ्या तुम्हाला हे ठाऊक असेल. दोन्हीकडून आपण बरं तेवढंच कळवतो.

डाव्या मोज्याचं टोक उसवलं. तिचं पाऊल मांडीवर घेऊन, पुन्हापुन्हा घालून बघत, आखूड विणलं. तिनं पाय हलवला नाही.

आता फोन लागला की मी आधी म्हणते, पाय दाखव. ती कुरकुरते, मग फोन खाली नेते. आधी फरशी दिसते, कॉटचा खूर दिसतो, मग तिची पावलं. माझं घर आता एवढंच आहे.

"झालं का बघून?" ती विचारते.

"न्हाय अजून," मी म्हणते.