बत्तीस जीबी फुल्ल पाहिजे

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. उंब्रजच्या सर्व्हिस रोडला उभं राहून "मला कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं" एवढं एकदा म्हणायचं. बास! त्यानंतर जन्मभर माणसं तुमच्याकडं बिघडलेले प्रिंटर, विसरलेले पासवर्ड आणि किस्से घेऊन येत राहतात. मी हे वाक्य पंधरा वर्षांपूर्वी बोललो. अजून पस्तावतोय.

माझी नोकरी कराडच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबमध्ये. पण खरा मुक्काम सलीमच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानातल्या बाकड्यावर. तिथं आम्ही चौघं. सलीम, मी म्हणजे सगळ्यांचा पम्या, उसाच्या रोपांची नर्सरी चालवणारा आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी करणारा विन्या, आणि विन्याचे वडील आबा. आबा फौजेतून रिटायर झालेले, पण बंदूकवाले नव्हेत. ते फौजेच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. काखेत पिशवी दाबून, गाल फुगवून वाजवतात ते.

सॉफ्टवेअर, वेबसाइट, गेम आणि गाणी या चारही विषयांवर माझी ठाम मतं आहेत. ती कुणी विचारत नाही, ही माझी पहिली तक्रार. न विचारता सांगितली तर कुणी ऐकत नाही, ही दुसरी.

*

लोणंदच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांना वेबसाइट हवी होती. वेबसाइट हलकी असावी, दोन सेकंदांत उघडावी, हे माझं मत. तशी करून दिली. हॉल, स्टेज, जेवणाची सोय, नकाशा. मालकांनी बराच वेळ बघितली.

"फोटू कुटं हायत?"

"आहेत की. हॉलचे, स्टेजचे..."

"आवं, हॉलचं काय करायचंय? माणसांचे!"

त्यांना वेबसाइट नव्हे, फ्लेक्स हवा होता. वर दोन मोठी माणसं, त्याखाली भागीदार, त्याखाली शुभेच्छुक. एकूण अडतीस फोटो! वरच्या ओळीत डावीकडं सरपंच आणि उजवीकडं मालकांचे दाजी, दोघांचे फोटो एकाच मापाचे. मी दात-ओठ खात सगळे चिकटवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन. "सर, आमच्या दाजींला खाली का घातलं?"

झालं होतं असं की कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी दिसणारे फोटो मोबाईलच्या अरुंद स्क्रीनवर एकाखाली एक येतात. सगळ्या जगात येतात! मी अर्धा तास समजावून सांगितलं.

"ते बराबर हाय वो. पर दाजी सरपंचाच्या पायाखाली आलं न्हवं!"

दाजींना वर घेतलं असतं तर सरपंच खाली जाणार. शेवटी तोडगा मालकांनीच काढला. आजही त्या वेबसाइटवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलंय, "कृपया मोबाईल आडवा धरावा." हे वाक्य मी माझ्या हातानं टाईप केलं आहे.

*

वाईचे एक गुरुजी पूजेच्या तारखा लॅपटॉपवर लिहून ठेवतात. एकदा बघतो तर आठ महिन्यांचं अपडेट तुंबलेलं. मी म्हणालो, "गुरुजी, अपडेट आलं की लगेच करत चला. सुरक्षिततेचा प्रश्न असतो."

"करतो ना. पण दिवस बघून."

"अपडेटला कसला आलाय दिवस?"

"अहो, नवीन काहीतरी घरात येणार ना? मग!"

मी खूप हसलो. घरी आलो आणि त्यांना दाखवून द्यावं अशा थाटात माझ्या लॅपटॉपवर आलेलं अपडेट ताबडतोब केलं. वायफाय गेलं. आवाज गेला. टचपॅड उलटा चालायला लागला. दोन दिवस डोकं धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन. "काय हो, ऐकलं ते खरं का? कधी केलंत अपडेट?"

"मंगळवारी. संध्याकाळी."

पलीकडून पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मी फोन कट केला.

*

आता गेम. हल्लीच्या गेममध्ये खेळण्यापेक्षा कपडे बदलण्यातच जास्त वेळ जातो, हे माझं मत. तरी विन्या आणि मी मोबाईलवर लढाईचा एक गेम खेळायचो आणि रोज मार खायचो. मग विन्याला सुचलं, आबांना टीममध्ये घेऊ. खरा फौजी!

पहिल्याच डावात आबांनी बंदूक उचललीच नाही.

"आबा, बंदूक घ्या!" विन्या ओरडला.

"मला काय करायची? आमी बँडवालं. लढाईत बँडवाल्याचं काम म्हंजी जखमी उचलायचं."

त्या गेममध्ये पडलेल्या साथीदाराला उठवायचं एक बटण असतं. आबांना तेवढंच सापडलं. गोळ्या चालल्यात आणि आबा मोकळ्या हातानं मैदानभर पळतायत! मला चार वेळा उठवलं. विन्याला तीन वेळा. मग एकदम उलट्या दिशेला निघाले.

"आबा, तिकडं कुटं? त्यो दुश्मन हाय!"

"पडलाय न्हवं त्यो!"

आबा त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि स्क्रीनवर बोट दाबत बसले. "पम्या, ह्येचं बटन येत न्हाई रं! बटन कुटंय ह्येचं?"

तिथंच आबांना कुणीतरी गोळी घातली. आबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ह्यो गेम करनारा फौजेत गेलेला न्हाई."

सॉफ्टवेअरबद्दलचं दुसऱ्या कुणाचं मत मला पूर्ण पटलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

*

सलीमचा मोबाईल रिपेअरिंगचा धंदा आहेच, पण हंगामात त्याच्याकडं खरी गर्दी होते ती ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांची. त्यांना पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून लागतात. कुठली गाणी, हे महत्त्वाचं नाही. पेनड्राइव्ह भरलेला पाहिजे!

माझ्यासमोर एक ड्रायव्हर भांडत आला होता. "सलीमभाई, बत्तीस जीबी फुल्ल करून दे म्हनलं हुतं. ह्येच्यात तर जागा शिल्लक हाय!"

"आरं, हजारावर गानी हायत. हंगाम सपंल, गानी सपायची न्हाईत."

"त्ये मला काय म्हाईत न्हाई. फुल्ल म्हंजी फुल्ल!"

मी मध्ये पडलो. दुसऱ्याची गाणी अशी वाटणं बरं नव्हे, आवाजाची क्वालिटी किती खालावते, गाणं ही काय पोत्यानं भरायची वस्तू आहे का, वगैरे. दहा मिनिटं बोललो. ड्रायव्हरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सलीमला विचारलं, "ह्ये सर बोल्ल्यालं बी भरलं तर किती जीबी हुईल?"

*

विन्याची गाणी मात्र त्याची स्वतःची. शब्द त्याचे, चाल त्याची, आणि ठेका रोपांच्या रिकाम्या ट्रेवर बोटांनी धरलेला. अशी नऊ गाणी आम्ही नर्सरीच्या शेडमध्ये माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केली. सातव्या गाण्यात आबांचा बॅगपाइप घ्यायचा ठरलं.

तीन दुपारी वाया गेल्या. आबा फुंकायला लागले की रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर येणार. मागं दोन ट्रॉल्या, वर कपाटाएवढे स्पीकर! शेडचा पत्रा थरथरायचा. त्या ट्रॅक्टरांना मी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. शेवटी कारखाना एक दिवस बंद होता, त्या दुपारी सलग एकदा वाजवून झालं. अंगावर काटा आला, खरं सांगतो. फक्त शेवटाकडं आबांचा दम कमी पडला, पिशवी ढिली झाली आणि सूर खाली बसला.

"चुकलं. पुन्यांदा घ्या," आबा म्हणाले.

"राहू द्या आबा. सॉफ्टवेअरमध्ये काढतो. दोन मिनिटांचं काम आहे."

पुन्हा घ्यायला हवं होतं. त्यानंतर दोनच महिन्यांत आबांच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता फुंकायचं कायमचं बंद. बॅगपाइप खोळीत घालून भिंतीला टांगला गेला. आबा बाकड्यावर यायचे, दोन शब्द बोलले की थांबायचे. पण मी दिसलो की एक प्रश्न ठरलेला, "पम्या, त्ये चुकल्यालं काडलंस का?"

"काढतो आबा."

रेकॉर्डिंग झालं त्याच आठवड्यात, मोठ्या स्पीकरवर कशी वाटतात बघू म्हणून गाणी सलीमच्या कॉम्प्युटरवर घातली होती. दोन दिवसांनी बघतो तर ती अजून त्याच्या डेस्कटॉपवरच, पेनड्राइव्हमध्ये भरायच्या गाण्यांच्या शेजारी! मी तडकलो. अर्धवट गाणं बाहेर जाता कामा नये, हा माझा नियम. त्यापायी मी विन्यालाही प्रत दिली नव्हती. सलीमला माझ्यासमोर सगळं डिलीट करायला लावलं.

"झालं बाबा डिलीट," सलीम म्हणाला. "आता गळा दाबतोस का माझा?"

*

गाणी दीड महिन्यात झाली. वेबसाइटला दीड वर्ष! कारण गाणी कुठल्या ॲपवर न टाकता आपल्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकावीत, हे माझं मत. ती मी तीन वेळा पाडून नव्यानं बांधली. विन्या कंटाळून म्हणायचा, "गड्या, एवड्यात घर बांदून झालं असतं!"

मग आबांची पंचाहत्तरी ठरली. रविवारी दारात मांडव, सगळे पाहुणे, आणि विन्याचा बेत असा की सातवं गाणं मोठ्या स्पीकरवर लावून आबांना ऐकवायचं. आबांनी ते पुरं झालेलं कधी ऐकलंच नव्हतं. मी म्हणालो, शुक्रवारपर्यंत देतो.

काम नीट व्हावं म्हणून आधी लॅपटॉप स्वच्छ करायला घेतला. जुनी सिस्टीम पुसून नवी टाकायची. मध्ये त्यानं विचारलं, ही डिस्क पुसू का? हो. खरंच पुसू का? सॉफ्टवेअरनं माणसाला फार प्रश्न विचारू नयेत, हेही माझं एक मत आहे. मी न वाचता 'हो' दाबलं.

ती डिस्क गाण्यांची होती.

चार दिवस मिळेल ते रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. फाइलींची नावं परत आली, आत नुसती खरखर. सलीमनं तर कॉम्प्युटरच दिवाळीत बदलला होता. माझी बायको गीता दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अख्ख्या कॉलेजला बॅकअप घ्या म्हणून ओरडणारे ते तुम्हीच ना?"

मला रडू आलं. लाजायचं काय त्यात? माणसाचा दम गेला होता, आणि तो जिथं शिल्लक होता ती एकच जागा मी पुसली होती.

*

शुक्रवारी दुपारी मी बाकड्यावर गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच. सलीम एक मोबाईल उघडून बसला होता. आबा बाकड्यावर, विन्या मांडवाच्या माणसाशी फोनवर.

मला बघून आबा म्हणाले, "काडलंस का रं चुकल्यालं?"

"आबा," मी म्हणालो, "एक सांगायचंय. रागावू नका."

विन्यानं फोन ठेवला.

तेवढ्यात रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, तेच कपाटाएवढे स्पीकर, दुकानाची काच थडथडायला लागली. पुढं एसटी अडकलेली, म्हणून तो नेमका आमच्यासमोर स्पीडब्रेकरवर थांबला. एक सिनेमातलं गाणं संपलं. मी त्याच्या नावानं शिवी द्यायला तोंड उघडलं.

आणि रोपांचे ट्रे वाजायला लागले.

मी विन्याकडं बघितलं. विन्या माझ्याकडं. मग अख्ख्या सर्व्हिस रोडवर बॅगपाइप घुमला. एसटीच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघायला लागली. ड्रायव्हर स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरून बसला होता. सलीमनं उघडलेला मोबाईल तसाच परत बंद केला आणि पुन्हा उघडला. त्यानं मान काही वर केली नाही.

आबा हळूहळू उठले. हात विजारीच्या शिवणीला लावून, मान ताठ, परेडला उभे राहावेत तसे उभे राहिले. शेवटाकडं सूर खाली बसला तेव्हा त्यांचे डोळे मिटले.

एसटी हलली. ट्रॅक्टरनं धूर सोडला आणि तो निघाला. मी खिशात हात घातला, पेनड्राइव्ह होता. चप्पल बाकड्याखाली राहिली, तसाच अनवाणी ट्रॅक्टरमागं पळत सुटलो. "ओ ड्रायव्हर! थांबा! ओ!"

आणि मागून आबांचा आवाज आला. दोन शब्दांवर थांबणाऱ्या आबांचा, एका दमात, पार रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाईल एवढा,

"पम्या! त्ये चुकल्यालं तसंच ठिवलंयस व्हय रं!"