राजकन्येचा कुत्रा आणि ताईचा कावळा

करोनात विमानं बंद झाली आणि मी हॉलंडमध्ये, बाडहूव्हडॉर्पला लेकाकडे अडकले. तशातच गावी माझी थोरली बहीण गेली.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तिकडे साडेबारा वाजले होते, इकडे नऊ. कारण मला ठाऊक होतं. ताईचा जीव तिच्या अधू लेकीत अडकला होता. "तिला मी सांभाळीन," एवढं मी बोलले असते की झालं. ताईचा पुतण्या व्हिडिओ कॉल लावणार होता, पण सुनेच्या फोनवर. माझ्याकडे बटणांचं डबडं.

नेमकं त्याच वेळी नातीचं शाळेतलं भाषण होतं, घरातूनच, टॅबवर. विषय काय, तर दीडशे वर्षांपूर्वीची कुठलीशी राजकन्या. सून फोनवर शूटिंग करत होती. आदल्या दिवशी तिने मला सगळं मराठीत ऐकवलं होतं. ही बया अठराव्या वर्षी परदेशात दिली. केस विंचरायला वेगळी बाई, पोरं पाजायला वेगळी, तरी म्हणे एकटं वाटायचं. कुत्रा मेला तर आठ दिवस अंथरुणातून उठली नाही. त्याला बागेत दगडी समाधी बांधली. सांगताना सुनेचे डोळे भरून आले होते. मी भांडी विसळत होते. ताईनं नवरा गेल्यावर चौदाव्या दिवशी खुरपं हातात घेतलं होतं. तिच्यासाठी कोण रडलं?

फोन वाजला. सुनेने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

"अगं, घाटावरून असेल," मी हळूच म्हणाले.

"आई, प्लीज, दोनच मिनिटं. आता कुत्र्याचं येतंय."

मी गप्प बसले. जन्मभर तेच केलं.

फोन हातात आला तेव्हा पुतण्या म्हणाला, "मावशी, भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पोलीस थांबू देईनात."

गवताचा कावळा! माझी ताई गवताच्या कावळ्यावर वाटेला लागली.

"ताईच्या लेकीला फोन दे," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की लेक मीटिंग सोडून बाहेर आला. "पोरी, विमान सुरू झालं की मी तुझ्याकडे येते. राहायला. कायमची."

"आई, असं एकदम काय?" सून म्हणाली.

तेवढ्यात नात नाचत आली. "आजी, हाऊ वॉज माय प्रिन्सेस?"

"कुठल्याच कामाची नव्हती," मी म्हणाले आणि कपाटावरची बॅग खाली काढली.