वॉल्ट्झच्या मध्येच जाहिरात

बर्नी गावातल्या चर्चमागच्या हॉलमध्ये बेरिल टकवेल दर बुधवारी सकाळी म्हाताऱ्या मंडळींना जुने जोडीनाच शिकवायची. स्वतः एकाहत्तरची. कॅसेटी गुंतल्या, सीड्यांवर चरे पडले, तेव्हा तिने फोनवर गाण्यांची सेवा घेतली. महिन्याला बारा डॉलर आणि जाहिराती अजिबात नाहीत, असं कंपनीने ठासून सांगितलं होतं.

त्या बुधवारी नऊ जोड्या वॉल्ट्झवर फिरत होत्या. गुडघा बदललेला लेस पहिल्यांदाच काठीशिवाय उभा होता. एवढ्यात सूर तुटला आणि स्पीकरमधून एक बाई लाडात बोलली, "स्वतःच्या अंत्यविधीचा विचार केलात का?"

लेस थबकला, मागची जोडी त्याच्यावर आदळली. तो भिंत धरत कसाबसा खुर्चीवर बसला.

"बेरिल, इतकी वाईट नाचते का गं मी?" त्याची जोडीदारीण ड्युल्सी ओरडली. सगळे हसले. बेरिल मात्र लाल झाली.

घरी येऊन तिने कंपनीचा नंबर शोधण्यात दुपार घालवली. शेवटी एक पोरगा फोनवर आला.

"मी पैसे भरते. मग जाहिरात आलीच कशी?"

"मॅडम, तुमची योजना आता 'बेसिक' झालीय. जाहिराती नको असतील तर अठरा डॉलर."

"बेसिक कुणी केली? मी?"

"आम्ही ईमेल पाठवली होती. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे संमती."

"गप्प बसले तर हो. आणि आता नाही म्हणतेय, त्याचं काय?"

"त्याचे अठरा डॉलर, मॅडम."

तिने फोन आपटला. ईमेल सापडली. 'तुमचा संगीतानंद वाढतोय!' असं ईमेलचं शीर्षक, आणि जाहिरातींची गोष्ट नवव्या परिच्छेदात. चडफडत ती सेवा बंद करायला बसली. "खरंच जाताय?" असं फोनने चारदा विचारलं.

"हो रे बाबा, जातेय!" ती फोनवरच खेकसली.

मग तिने मर्वला गाठलं. तो पूर्वी कागद गिरणीच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा.

"मला तीनच वॉल्ट्झ येतात," तो म्हणाला, "त्यातला एक अर्धाच."

"अर्धा तर अर्धा. ये तू."

पुढच्या बुधवारी मर्व हॉलच्या बेसूर पियानोवर भरधाव सुटला.

"हळू रे! गाडी पकडायचीय का तुला?" बेरिल टाळ्यांनी ठेका देत ओरडली. लेस अर्धी फेरी नाचला, बसला, पुन्हा उठला.

तेच तीन वॉल्ट्झ ऐकून हिवाळाभर सगळे वैतागले. तिकडचा हिवाळा सरला तेव्हा, सप्टेंबरात, मर्वने चौथा बसवला, तोही चुकतमाकत.